आमच्या घरातला खरारा

आपल्या घराण्यांच्या आठवणी मी इथे नेहमी वाचते, लिहिते आहे मात्र पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

इंदूरला आमच्या घरी दसऱ्याला पाटावर दोन वस्तू मांडतात. एक तलवार, आणि तिच्या शेजारी लोखंडी दातांचा एक गंजका खरारा. पाहुणे तलवार हातात घेऊन फोटो काढतात. खरारा कुणी उचलत नाही. लहानपणी मी आजोबांना विचारलं होतं, "अण्णा, हा घोड्याचा कंगवा देवापुढे कशाला?" अण्णा म्हणाले, "तलवार कुणीतरी दिलेली, शोभेची. ती आपल्या घरात कुणी चालवली नाही. खरारा मात्र चालवलाय, चार पिढ्या."

आमचे पूर्वज होळकरांच्या पागेत होते. सरदार नव्हेत. आधी मोतद्दार, मग पुढच्या पिढीत लिहिणं-वाचणं आल्यावर पागेतले कारकून. लग्न जुळवताना मात्र "होळकरांच्या घोडदळात होते" एवढंच सांगितलं जायचं, आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे भाला घेतलेला स्वार उभा राहायचा. कुणी दुरुस्त करत नसे. खरं सांगायचं तर मीही कधी केलं नाही.

इंदुरात वाढलेल्यांना पागा म्हणजे काय ते मोहल्ल्यांच्या नावांतून माहीत असतं. पागनीस पागा, हाथीपाला, तोपखाना, जिन्सी ही नावं आपण रोज घेतो. पागनीस म्हणजे पागेचा लेखनिक. चंदीला हरभरा किती आला, किती उरला, कुठला घोडा लंगडतोय, कुणाचे नाल बदलायचे, हे सगळं त्याच्या वहीत. शिलेदार आपला घोडा घेऊन चाकरीला यायचा. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. त्या सरकारी घोड्यांचं घर म्हणजे पागा. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. पाणी आणणारा आणि नाल ठोकणारा असल्याशिवाय स्वारांचा हिशेबच पुरा होत नसे.

मी इंदूरच्या एका शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. मल्हारराव होळकर 1693 साली जन्मले, मेंढपाळाच्या घरातले, मामा भोजराज बारगळांच्या घोडेस्वारांत शिपाई म्हणून लागले, आणि पुढे बाजीराव पेशव्यांबरोबर माळव्यात येऊन त्यांनी राज्य उभं केलं, हे मी इतक्या वेळा सांगितलं की झोपेतही सांगेन. शिवाजी महाराजांचं चिपळूणकडचं पत्रही दर वर्षी शिकवलं. चिपळूणजवळ छावणीला राहिलेल्या घोडदळाच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवलेलं ते पत्र. त्यातली भाजीच्या देठाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. रयतेला त्रास देऊ नका, हे मी मुलांना तळमळीने सांगायचे आणि तिथेच तास संपवायचे.

पत्राचा मोठा भाग दाणा-वैरणीचा आहे. तो मी "बाकी व्यवस्थेच्या सूचना आहेत" असं म्हणून सोडून द्यायचे. तो भाग मला नीट वाचायला लागला 2015 साली, आणि त्याची किंमत एका घोड्याने दिली. आज लिहायला बसले ती त्यासाठीच.

2014 मध्ये मी निवृत्त झाले. सिमरोळच्या बाजूला आमच्या ह्यांच्या वडिलांची तीन एकर जमीन आहे, काळी माती, एक विहीर, एक जुनं पत्र्याचं कोठार. तिथे राहायला जायचं ठरलं. जायच्या आधी घरचं जुनं सामान विकायला जूनी इंदूरला गेले, तर एका गल्लीत एक म्हातारा टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता. एके काळी स्टेशनपासून राजवाड्यापर्यंत टांगेच टांगे असायचे. मग टेम्पो आले, ऑटो आले. ह्या चाचांची मुलं ऑटो चालवत होती आणि टांगा मोडीत निघाला होता. घोडा वीस-बावीस वर्षांचा, पुढचे गुडघे सुजलेले, पाठीवर साजाचा जुना व्रण. मी सहज विचारलं, ह्याचं काय करणार? ते म्हणाले, "बाईसाब, बिकेगा तो ईंट-भट्ठे पे जाएगा. और क्या?"

मी घरी आले आणि रात्रभर तो खरारा डोळ्यांपुढून जाईना. सकाळी ह्यांना म्हटलं, "अहो, एक घोडा आणूया." ह्यांनी पोह्यांच्या बशीतून मान वर केली आणि विचारलं, "बसायला?" मी म्हटलं, "नाही, सांभाळायला." तेव्हा ते हसले. नंतर वैरणीचं बिल पाहून हसायचे थांबले, पण घोडा आला. त्याचं नाव राजा होतं, तेच ठेवलं.

एक आला की बातमी पसरते. वीटभट्टीवरची दोन गाढवं आली. लग्नाच्या वरातीतली एक पांढरी घोडी आली, चंदा, एका डोळ्याने आंधळी. एका शेतकऱ्याने ट्रॅक्टर घेतला आणि त्याची माळवी बैलांची जोडी आमच्याकडे सोडली, पांढुरकी, मानेवर काळसर झाक असलेली, एवढी देखणी जोडी की बघत राहावं. पुढे एक खेचर, दोन गाई, पाच शेळ्या. लोक म्हणतात, आश्रम काढलाय. आश्रम वगैरे काही नाही हो, आम्ही दोघं आणि गावातला एक मुलगा, एवढाच कारभार.

दिवस पाचला सुरू होतो. पहिलं काम लीद बघणं. हो, बघणंच. उचलण्याच्या आधी. रात्रीत किती वेळा टाकली, गोळे नीट आहेत की कोरडे, की पातळ. घोडा बोलत नाही, लीद बोलते. मग पाणी. एक घोडा दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. बादली जशीच्या तशी भरलेली दिसली तर पोटात धस्स होतं. मग थोडी वैरण, आणि तासाभराने भिजवलेली चंदी. म्हाताऱ्या घोड्यांचे दात झिजलेले असतात, कडा धारदार होतात, गवत चावता येत नाही. चघळलेल्या गवताचे ओले गोळे खाली पडलेले दिसले की समजायचं, दातांना कानस लावायला डॉक्टरांना बोलवायची वेळ झाली. अशांना गव्हाचा चोकर आणि जव भिजवून पेज केल्यासारखं द्यावं लागतं.

मग खूर. प्रत्येक पाय उचलायचा, आकडीने चिखल आणि खडे काढायचे, तळाच्या मऊ त्रिकोणाला वास येतो का ते बघायचं. कुजका वास आला म्हणजे ठाण ओलं राहिलंय, चूक आपली. सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद येतो. आता अख्ख्या भागात दोनच नालबंद उरलेत, त्यांच्या तारखा डॉक्टरांपेक्षा अवघड. आणि शेवटी खरारा. अण्णांचा नाही, तो देव्हाऱ्यात असतो. बाजारातला रबरी. मानेपासून सुरू करून मागे जायचं, केसांच्या वळणाने. पहिल्या वर्षी मी हे काम गड्याला द्यायचे. आता देत नाही. गाठ, गोचीड, सूज, ताप, सगळं हाताला आधी कळतं आणि डोळ्याला नंतर.

हे सगळं आज येतं, तेव्हा येत नव्हतं. आता 2015 च्या पावसाळ्याची गोष्ट सांगते.

उन्हाळ्यात गवत भरपूर होतं आणि स्वस्तही. मी सढळ हाताने घालत गेले. जनावरं उपाशी आलेली, खाऊ दे पोटभर, असं वाटायचं. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा कोठारात अर्धीच गंजी उरली होती, आणि पत्रा एका बाजूने गळतोय हे मला पहिल्या मुसळधार पावसानंतर कळलं. आठ-दहा दिवस रस्ता चिखलात बुडाला, गाडी येईना. वरचं गवत ओलं झालं, आतून गरम व्हायला लागलं. ऑगस्टच्या एका सकाळी मी वरचा थर बाजूला केला, खालचं बरं दिसतंय म्हणून घातलं. किंचित उग्र वास होता. मला वाटलं, पावसाचा असेल.

दुपारी राजा पुढच्या पायाने जमीन उकरायला लागला. मग वळून वळून आपल्या कुशीकडे बघायला लागला. बसला, लोळला, उठला, पुन्हा बसला. सकाळपासून लीद टाकलेली नव्हती, आणि ती मी त्या दिवशी बघितलीच नव्हती, कारण पाऊस होता. घोड्याला उलटी करता येत नाही. आत गेलेलं वाईट बाहेर टाकायचा तो मार्ग त्याला देवाने दिलेलाच नाही. पोटशूळ उठला की घोडा माणसासारखा मोकळा होत नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक तरुण डॉक्टर मोटारसायकल चिखलात सोडून दीड किलोमीटर चालत आले. इंजेक्शनं दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं. रात्रभर आम्ही त्याला आळीपाळीने हळूहळू फिरवत होतो. हे छत्री धरून पुढे, मी मागे कंदील घेऊन. पहाटे साडेतीनला राजा खाली बसला तो उठला नाही.

डॉक्टरांनी कोठारात जाऊन गवताची मूठ हातात घेतली, हुंगली आणि माझ्यासमोर धरली. आतून पांढरी बुरशी धुरासारखी उडाली. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर कितीतरी दिवस मला ते पत्र आठवत राहिलं. एक दिवस पुस्तक काढून मी सोडलेला भाग वाचला. महाराज आपल्या अधिकाऱ्यांना सांगतात की पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आज मिळतंय म्हणून हवं तसं खर्च कराल, तर भर पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग पुढे गवताच्या गंज्यांजवळ चूल नको, चिलीम नको, रात्री दिवा उघडा ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेतो आणि सगळी पागा जळते, इथवर बारकावे. एक राजा, चारी बाजूंनी शत्रू, आणि तो उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतोय! तीस वर्षं मी ह्याला "बाकी व्यवस्थेच्या सूचना" म्हणत होते. मुलांना मी फार मोठा इतिहास शिकवला, पण त्यातला जगवणारा भाग वगळून.

रयतेला त्रास नको ही गोष्टही त्या वैरणीलाच बांधलेली आहे, हे मला तेव्हा दिसलं. गवत संपलं की शिपाई कुणब्याच्या दारात जाणार. म्हणजे कोठार नीट सांभाळणं हीच रयतेची पहिली राखण.

आता आमच्याकडे वही आहे. पागनिसाची म्हणा हवं तर. किती पेंड्या आल्या, रोज किती निघाल्या, 15 जूनला किती शिल्लक हवी. गंजी जमिनीपासून हातभर उंच लाकडी फळ्यांवर. पत्रा मे महिन्यात तपासायचा. बुरशीचा संशय आला तर ती पेंडी कुणालाच नाही, गाढवालाही नाही. कोठारात बल्ब आहे, पण वायर लोखंडी नळीतून घेतलीय, उंदरांसाठी. नवीन जनावर आलं की पहिले काही आठवडे ते विहिरीपलीकडच्या वेगळ्या ठाणावर, बादली वेगळी, खरारा वेगळा. घोडावर्गातलं असेल तर रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, ग्लँडर्ससाठी. हा रोग माणसालाही होतो, त्याला लस नाही, आणि जनावराला झाला तर कायद्याने त्याला दयामरण द्यावं लागतं. चंदाचा अहवाल येईपर्यंत मी नातवाला शेतावर येऊ दिलं नव्हतं. सुदैवाने तो स्वच्छ आला.

मग एक प्रश्न मला छळू लागला. पागेतली म्हातारी घोडी कुठे जात असत? आपल्या बखरींत घोडे दौडतात, नद्या ओलांडतात, धारातीर्थी पडतात. म्हातारे होत नाहीत. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरची लढाई हरलो, 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह झाला, राजधानी इंदूरला आली, महूला इंग्रजांची छावणी पडली. माळव्यात जिकडेतिकडे पोसलेल्या घोडदळांचे दिवस संपले. स्वारांचं काय झालं हे पुस्तकांत सापडतं. पुन्हा 28 मे 1948 ला मध्य भारत झाला, संस्थान संपलं, तेव्हाचं अण्णांना आठवत होतं. त्यांना शेवटच्या काळात मी विचारलं होतं. म्हणाले, "लिलाव व्हायचा. नाव वहीतून कटायचं. चांगला असला तर टांग्याला जायचा. नसला तर विचारू नये." एवढं बोलून त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला. ते कारकून होते. कितीतरी नावांवरची रेघ त्यांच्या हातची असणार.

म्हणून मी आमच्या पूर्वजांना दयाळू वगैरे म्हणत नाही. पागेत काळजी घेत ती कामाच्या घोड्याची. पण ती काळजी खरी होती, रोजची होती, आणि ती कशी घ्यायची हे त्यांना येत होतं. काम संपल्यावरही ती चालू ठेवायची, एवढीच भर आपल्याला घालायची आहे.

आणि ती भर घालणारंही आपल्याच घरात होऊन गेलंय. जॉन माल्कम ह्या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य भारतावरच्या आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंबद्दल नोंद केली आहे. महेश्वरच्या आसपास उन्हात नांगराला जुंपलेले बैल मध्येच थांबवून बाईंची माणसं त्यांना पाणी पाजत. पाखरांना शेतकरी हाकलतात म्हणून त्यांनी शेतं विकत घेऊन पाखरांसाठी सोडली होती. अहिल्याबाई गेल्या 1795 साली, माल्कम इथे आला त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी. इतक्या वर्षांनंतरही लोकांना घाट आणि देवळांबरोबर ते बैलांचं पाणी आठवत होतं. पाणी पाजायला जाणाऱ्या त्या माणसांची नावं कुठेच नाहीत. पण कुणीतरी रोज पखाल उचलत असणार, उन्हातून चालत जात असणार. मला वाटतं, आमच्या घराण्याचे खरे सगेसोयरे ते.

2022 मध्ये लम्पीची साथ आली तेव्हा आमच्या एका गाईच्या अंगभर गाठी उठल्या. घोड्या-गाढवांना तो रोग होत नाही, पण माशा-डास तो गाईबैलांत पसरवतात. तिला वेगळं बांधलं, संध्याकाळी कडुनिंबाचा धूर, फुटलेल्या गाठी रोज धुणं, बाकीच्यांना शेळ्यांच्या देवीची लस. बावीस दिवस ती खाली बसली की मी बसायचे. ती वाचली. बैलांना काही झालं नाही. त्या वर्षी पोळ्याला शिंगं रंगवली, पुरणपोळी खाऊ घातली, पण आरती करताना मला हुंदका आला. ह्यांनी ताम्हण हातातून घेतलं.

आता चंदाही म्हातारी झालीये. आंधळ्या बाजूने जवळ गेलं तर दचकते, म्हणून आधी हाक मारायची, मग खांद्यावर हात ठेवायचा, मग खरारा. नातू शिकून राहिलाय. मागच्या दसऱ्याला त्याने पाटावरून तलवार उचलली नाही. खरारा उचलला, दात मोजले आणि म्हणाला, "आजी, हा फार बोचेल गं, चंदाला आपला रबरीच बरा." अण्णा असते तर त्यांनी त्याला पागेत नोकरी दिली असती.

मंडळी, एक विनंती आहे. ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदा, हैदराबाद, कुठल्याही जुन्या घरात माळ्यावर खरारा, तोबरा, नालबंदाचा हातोडा, दाणा मोजायचं माप, वैरणीच्या हिशेबाची मोडीतली वही असं काही पडलं असेल तर भंगारात देऊ नका. फोटो काढा, कुणाच्या हातातलं होतं ते घरातल्या मोठ्यांना विचारून ठेवा. तलवारींचे फोटो आपल्याकडे पुष्कळ झालेत.

आणि जवळपास कुणाकडे गवताची गंजी असेल, तर पावसाच्या आधी एकदा पत्रा बघून घ्या.